खालून ओ आली पाहिजे

आमच्या योगवर्गाच्या हॉलमध्ये दाराशेजारी एक लॅमिनेट केलेला कागद लावलाय. 'सामूहिक योगवर्गाचे दहा फायदे.' वर ट्रस्टचं चिन्ह, खाली पद्मासनात बसलेली, जन्मात कधी घाम न आलेली एक गोरीपान बाई. मधला मजकूर माझा. छत्तीस वर्षं कल्याणात मराठी शिकवल्यामुळे कुठेही चार ओळी लिहायच्या निघाल्या की लोक 'कर्णिक बाईंना सांगा' म्हणतात, आणि कर्णिक बाईही आढेवेढे न घेता पेन उघडतात. त्या कागदात शुद्धलेखनाची एक चूक काढून दाखवावी कोणी.

तरीही आता तो मला बघवत नाही. त्यातला एकही फायदा माझ्या डोक्यातून आलेला नाही. दहाच्या दहा मी चांगदेव शेजवळ नावाच्या माणसाकडून उचलले, आणि त्याचं नाव त्यात कुठेही नाही.

शेजवळ खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, एकतीस वर्षं. वर बस उभी आणि माणूस खाली खड्ड्यात, मान मागे टाकून, दोन्ही हात डोक्याच्या वर, असं ते काम. पंचेचाळिशीत त्यांची मान अशी धरली की मागून कोणी हाक मारली तर सगळं अंग वळवावं लागे. डॉक्टरांनी पट्टा दिला. त्याच सुमारास एक योगशिक्षक डेपोत हौसेने शिकवायला येऊ लागले. पहिल्या आठवड्यात चाळीस जण जमले, दुसऱ्यात बारा, आणि महिन्याभरात उरले एकटे शेजवळ. त्या भल्या माणसाने एका विद्यार्थ्यासाठी चार वर्षं येणं चालू ठेवलं.

"एकटा होतो म्हणून मान सुटायला चार वर्षं लागली," शेजवळ सांगायचे. "चौघं असतो तर वर्षात झालं असतं. एकट्याला आपली चूक दिसतच नाही. शेजारच्याची दिसते, मग आपली दिसते."

हा माझ्या कागदावरचा तिसरा फायदा. तिथे मी 'परस्पर निरीक्षणातून सुधारणा' असं लिहिलंय. भाषा सुधारली की चोरी ओळखू येत नाही.

निवृत्त झाल्यावर ते रोज पहाटे विठ्ठलवाडीहून सायकलने काळ्या तलावावर यायचे. चाळीपुढे हातपाय पसरायला जागा नाही, असं म्हणाल्याचं आठवतं. आधी एकटेच करायचे. मग बघणारे दोघं बसले, मग पाच. मी गेले तेव्हा आठ जण होते. माझे यजमान जाऊन आठ महिने झाले होते, मुलगा बंगळूरला, आणि डॉक्टरांनी 'चाला' म्हटलं म्हणून मी तलावाभोवती कपाळाला आठ्या घालून फेऱ्या मारायचे. कोणी हसून नमस्कार केला तरी राग यायचा.

चौथ्या दिवशी शेजवळांनी मला अडवलं. "बाई, तीन दिवस बघताय. सतरंजीवर जागा आहे."

"मी घरी करते," मी ठोकून दिलं.

"रोज?"

आता रोज कसलं. घरी मी सूर्यनमस्कार घालायला उभी राहिले की तिसऱ्याला दूध गॅसवर असल्याची आठवण व्हायची, आणि नसलं तर मी ते ठेवायचे. हे त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना कळलंय हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतच होतं. मी चप्पल काढून बसले, आणि पुढची नऊ वर्षं बसत राहिले.

गुडघे सुधारले, साखर उतरली, हे सगळं झालं. पण ते पहिल्या नंबरचं कारण नव्हे. आठ-नऊ माणसं एकदम श्वास घेतात आणि एकदम सोडतात, तो आवाज मला आठ महिन्यांत ऐकू आला नव्हता. माझ्या घरात फक्त माझाच श्वास होता. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून मला रडू फुटलं. शेजवळ माझ्याकडे न बघता अंक मोजत राहिले, फक्त जरा सावकाश.

त्यांची एक पद्धत होती, ती दुसऱ्या कुठल्या योगवर्गात नसणार. शेवटी शवासन झालं, सगळे डोळे मिटून पडले, की ते एकेकाचं नाव घ्यायचे. अख्खं नाव, आडनावासकट, हळू आवाजात. ज्याचं नाव घेतलं त्याने पडल्या पडल्या 'ओ' म्हणायचं आणि मग कुशीवर वळून उठायचं. ओ आली नाही तर ते जवळ जाऊन खांद्याला हात लावायचे. बहुतेकदा माणूस झोपलेला असायचा, आणि हशा व्हायचा.

मी एकदा म्हटलं, "शाळेतली हजेरी वाटते हो."

"शाळेतली नाही, डेपोतली. खड्ड्यात माणूस उतरला की वरच्याने जागा सोडायची नाही. थोड्या थोड्या वेळाने त्याचं नाव घ्यायचं. खालून ओ आली पाहिजे. नाही आली तर हातातला पाना टाकून आधी उतरायचं. काय झालं, कसं झालं, ते नंतर."

याच्याच पोटातून दुसरा नियम आला. जो सकाळी वर्गाला आला नाही, त्याच्या घरी वर्ग सुटल्यावर दोघांनी जायचं. फोन नाही करायचा. "फोनवर सगळेच बरे असतात," ते म्हणायचे. "दार उघडावं लागलं की खरं कळतं." आणि ज्याच्या घरी जाऊ त्याने चहा पाजायचा, म्हणजे त्यालाही आपल्यामुळे कोणाला त्रास झाला असं वाटत नाही. सुरुवातीला मला हा नियम आगाऊपणाचा वाटला होता.

मग मंजुळाबाईंचं झालं. मंजुळाबाई रेतीबंदरच्या कोळीवाड्यातल्या. जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली, त्यात गुडघे गेले, नवरा आधीच गेलेला, म्हणून पासष्टीनंतर वर्गात यायला लागल्या. शेजवळांना त्या 'मास्तर' म्हणायच्या. एका सकाळी त्या आल्या नाहीत. शेजवळ आणि मी गेलो. दार आतून बंद. शेजारीण म्हणाली, "गेली असेल बाजारात." मी परत फिरत होते. शेजवळ मात्र दाराला तोंड लावून, अगदी वर्गात घ्यायचे तसं, नाव घेऊ लागले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आतून बारीक ओ आली.

मोरीत पाय घसरून पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलेलं. पहाटेपासून तशाच. चार माणसांनी दार उचकटलं. दवाखान्यात शुद्धीत आल्यावर म्हणाल्या, "मना वाटला मी शवासनातच हाय. मास्तरनी नाव घेतला म्हून मी ओ दिली. नायतर कोनाला कलनार होता?"

त्या दिवसापासून आमच्यापैकी कोणी त्या नियमाची चेष्टा केली नाही.

माझ्याही घरी ते आले होते. यजमानांचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठलेच नाही. खिडक्या लावून बसले होते. साडेसातला बेल वाजली, दारात शेजवळ आणि मंजुळाबाई. दोघांनी काही विचारलं नाही. मंजुळाबाईंनी खिडक्या उघडल्या, मी चहा टाकला, ते दहा मिनिटं बसले आणि "उद्या या" म्हणून गेले. त्या दहा मिनिटांनी मला जेवढं उभं केलं तेवढं माझ्या मुलाच्या आठवडाभराच्या फोनांनी केलं नव्हतं.

ते गेल्यावर मी कप विसळले. मंजुळाबाईंचा एकदा, शेजवळांचा दोनदा. का, ते मी स्वतःला विचारलं नाही. विचारण्याची गरज नव्हती, मला माहीत होतं. मी वर्गात मुलांना समतेवर निबंध सांगितलेले आहेत, चांगले गुण मिळवून देणारे.

एवढ्या वर्षांत शेजवळ सगळ्यांच्या घरी जाऊन आले. एक्केचाळीस घरं. त्यांच्या घरी कोणी गेलं नाही, कारण ते कधी गैरहजर राहिलेच नाहीत, असं आम्ही म्हणायचो. संक्रांतीला त्यांना तिळगूळ तलावावर दिला. वर्गाला पाच वर्षं झाली तेव्हा शाल तलावावर घातली. 'कुठे राहता?' या प्रश्नाला ते 'विठ्ठलवाडी' म्हणायचे, आणि विठ्ठलवाडीत कुठे, हे कोणीच विचारलं नाही.

गेल्या वर्षी एका ट्रस्टने नवा हॉल बांधला आणि सकाळची वेळ आमच्या वर्गाला देऊ केली. पंखे, आरसे, स्वच्छ बाथरूम. डास नाहीत, कुत्री नाहीत. अट एकच, शिक्षक प्रमाणपत्र असलेला हवा. ट्रस्टनेच माणूस सुचवला, ठाण्याची मेघाली नावाची मुलगी. तीस-बत्तीसची, कष्टाळू, तिचं काम तिला उत्तम येतं. या गोष्टीत तिचा दोष मी काढणार नाही, सोयीचं असलं तरी.

'आम्हास प्रमाणित शिक्षक मिळावा' असा अर्ज सगळ्यांच्या सह्यांनिशी द्यायचा होता. तो मी लिहिला. एक्केचाळीस सह्या झाल्यावर मी तो शेजवळांना दाखवायला नेला. मनात म्हटलं, आपण लपवून काही करत नाही.

त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. "भाषा चांगली आहे," म्हणाले.

"तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"वाईट कशाला? तिथे बायकांना बाथरूम आहे, ते मोठं आहे. सगळ्यांची सही पाहिजे ना? मग माझीपण घ्या." आणि त्यांनी बेचाळिसावी सही केली. पेन परत देताना म्हणाले, "बाई, एक करा. शिकवू दे त्या मॅडमना. शेवटी नावं घ्यायचं तेवढं माझ्याकडे राहू द्या. चार मिनिटं लागतात."

"म्हणजे काय, अर्थातच," मी म्हटलं. "मी बोलते त्यांच्याशी."

बोलले मी. मेघाली म्हणाली, "मॅम, सात वाजता झुंबाची बॅच आहे ना, मला फाइव्ह मिनिट्स आधी हॉल खाली करावा लागतो. आणि अटेंडन्स तर अ‍ॅपवर होणारच." ती उद्धटपणे बोलली नाही. मी थोडी भांडले असते तर तिने चार मिनिटं काढलीही असती. मी माझ्या भाजीच्या पिशवीचा विचार करत "बरं" म्हटलं आणि घरी आले. शेजवळांना हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी सांगितलं नाही. अवघड गोष्ट दोन दिवसांनी सोपी होते अशी माझी जुनी समजूत आहे.

उद्घाटनाला आभार मानायचं काम माझ्याकडे आलं. ट्रस्टने नावांची यादी दिली होती, ती मी खणखणीत आवाजात वाचली. विश्वस्त, देणगीदार, पंखे बसवणारा इलेक्ट्रिशियनसुद्धा. यादी संपत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं. शेजवळ शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते. यादीबाहेरचं एक नाव घ्यायला मला कोणी अडवलं नव्हतं. पण पाहुणे घड्याळ बघत होते आणि मी 'सर्व ज्ञात-अज्ञात हितचिंतकांचे आभार' म्हणून उरकलं.

मग मेघालीने पहिला वर्ग घेतला. शेवटी शवासन, स्पीकरवर बासरी. मी डोळे किलकिले करून मागे पाहिलं. सगळे पडले होते, एकटे शेजवळ उठून बसले होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. बासरी थांबली. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि पहिलं नाव घ्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात स्पीकरमधून आलं, "थँक यू एव्हरीवन! मॅट्स रोल करून घ्या प्लीज."

सगळी माणसं धडपडत उठली. कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं असेल तर ते बोललं नाही. शेजवळांनी आपली सतरंजीची पट्टी गुंडाळली, दाराशी विस्कटलेल्या चपलांमधून आपल्या शोधल्या, आणि मला लांबूनच नमस्कार करून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत.

आता नियमाप्रमाणे वर्ग सुटल्यावर दोघांनी जायला हवं होतं. सुटल्यावर आम्ही जिन्यात उभे राहिलो. दिपिका, बँकेत आहे ती, म्हणाली, "आज मास्तर नाही आले." मी म्हटलं, "हो ना." कुठे राहतात, हे कोणालाच माहीत नव्हतं. दिपिकाला ऑफिस होतं. मी घरी येऊन त्यांना व्हॉट्सअ‍ॅप केलं, 'तब्येत ठीक आहे ना?' दोन निळ्या खुणा आल्या, मागून जोडलेल्या हातांचं चित्र आलं. मी समाधानाने पोहे खाल्ले. फोनवर सगळेच बरे असतात, हे मला नऊ वर्षं कानीकपाळी सांगून झालं होतं.

तिसरा दिवस गेला, चौथा गेला. सहाव्या दिवशी ट्रस्टने तो फायद्यांचा मजकूर मागितला. मी टेबलाशी बसून दोन तासांत लिहिला. सातवा मुद्दा लिहिताना तर मला माझंच कौतुक वाटलं. 'समूहात साधना करणारा कधीही एकटा पडत नाही. तो एक दिवस जरी आला नाही, तरी इतरांच्या ते लक्षात येते व त्याची विचारपूस होते.' हे लिहीत असताना ज्याच्याकडून शिकले तो माणूस सहा दिवस आलेला नव्हता, आणि हे माझ्या लक्षात होतं. नुसतं लक्षात येण्याने काय होतं? तेवढ्यावर मला रात्रभर छान झोपही लागत होती.

अकराव्या दिवशी सकाळी आठला मंजुळाबाईंचा फोन आला. हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे मोडलेल्या मांडीची ती बाई उद्घाटनालाच जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून परत फिरली होती. तिच्याकडेही कोणी गेलं नव्हतं. अ‍ॅपवरून तिला रोज 'वी मिस यू' येत होतं. तिला ते वाचता येत नाही.

"बाई, मास्तर बरा हाय ना?" तिने विचारलं.

"का हो?"

"मी अकरा दिस आली नाय. मास्तर मना बगाला आला नाय. असा होनार नाय. कायतरी झालाय त्याला. माजा पाय चालला असता त मीच गेली असती. तुमी जा, बाई."

रागावली नव्हती ती. आपल्याकडे कोणी आलं नाही याची तक्रारही नव्हती. तिला मास्तरची काळजी लागली होती, आणि मी हातात कप धरून उभी होते. मी दिपिकाला फोन केला, ती म्हणाली, "रविवारी जाऊया का?" आणखी दोघांना केला. मग एकटीच निघाले. वाटेत रेतीबंदरला रिक्षा थांबवली, तर मंजुळाबाईंनी सुक्या बोंबलांची पुडी हातात दिली, "मास्तरना आवडतात." त्यांना काय आवडतं, हे मला माहीत नव्हतं.

विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या एका पिठाच्या गिरणीत मी विचारलं, "शेजवळ म्हणून कोणी, एसटीत होते..."

"योगावाले मामा? ते काय, पाणपोईच्या मागे, दुसरी गल्ली, निळं दार." मी उतरले त्याला दहा मिनिटंही झाली नव्हती.

दार उघडंच होतं. एक खोली, आत स्वयंपाकाची जागा, वर पोटमाळा, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली स्टुलावर पितळेचं स्वच्छ घासलेलं तांब्या-भांडं. शेजवळ खुर्चीत पाठमोरे बसून पेपर वाचत होते. मी "शेजवळ" म्हटलं, तर त्यांनी मान वळवली नाही. सगळं अंग वळवलं.

"या बाई," ते म्हणाले, आणि माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "एकट्याच?"

"हो. दिपिकाला ऑफिस होतं, आणि... मान धरली का हो?"

"धरणारच. बंद आहे सध्या. घरात एकट्याने होत नाही." मग आत वळून, "रंभा, आमच्या वर्गातल्या बाई आल्यात."

रंभाताई बाहेर आल्या. सडपातळ, केस पांढरे, चेहरा शांत. जय भीम म्हणाल्या. मीही म्हटलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा, आणि मला ते जड गेलं. थोड्या वेळाने त्या चहा घेऊन आल्या. कप कोरा करकरीत, बशीच्या पाठीवर दुकानाची चिकटपट्टी तशीच. चहाही कोरा.

"दूध नाहीये, ताई," रंभाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणून मला ते जास्त लागलं. "आठ दिवस अर्धा लिटर जास्त घेत होते. हे म्हणायचे, आज दोघं येतील, नियम आहे आमचा. सकाळी सात वाजता शर्ट घालून बसायचे. कप पण आणले दोन, आमचे कान तुटलेले आहेत म्हणून. मग म्हटलं, रोज दूध नासतंय. आता नाही घेत."

मी मान खाली घालून चहा पीत राहिले. शेजवळांनी बायकोकडे 'कशाला सांगतेस' अशा नजरेने पाहिलं.

"मी रुसलो नव्हतो, बाई," ते म्हणाले. "त्या मॅडम छान शिकवतात. नावं घ्यायला वेळ नाही, तेही कळलं मला. मला एवढंच बघायचं होतं, नियम वर्गाचा आहे का माझ्या एकट्याचा. पहिल्या दिवशी कोणी आलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी मागच्या रांगेत येऊन बसणार होतो. खरंच सांगतो."

"आम्हाला पत्ता माहीत नव्हता," मी म्हटलं. तोंडातून बाहेर पडताच ते वाक्य मला किती हलकट वाटलं.

"हां," ते म्हणाले. "ते बरोबर आहे." मग अगदी सरळपणे, "तुमचं ते दहा फायद्यांचं आलं ग्रुपवर. सातवा मुद्दा छान लिहिलाय. मी रंभाला वाचून दाखवला."

मला तिथे मान वर करता येईना. माफी मागायची होती. अर्जाची, यादीची, चार मिनिटांची, आणि त्या दोनदा विसळलेल्या कपाची. आयुष्यभर शब्दांवर जेवले मी, पण त्या खोलीत मला एक धड वाक्य जुळवता आलं नाही. मी बोंबलांची पुडी पुढे केली, "मंजुळाबाईंनी दिलेत." त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "ती बरी आहे ना? जिना चढते का?" त्यांनी विचारलं. मी "नाही" म्हटलं, तर म्हणाले, "तिच्याकडे कोण जातं?" मी रिकामा कप बशीत ठेवला.

"उद्या याल का?" उठताना मी विचारलं. "मी मेघालीशी बोलते. चार मिनिटं तर आहेत."

"बोला तुम्ही," ते म्हणाले. हे ते अशा आवाजात म्हणाले की मी बोलणार नाही हे दोघांनाही कळलं. "संध्याकाळी रेतीबंदरला जाऊन येतो आम्ही दोघं. तिला बरं वाटेल."

मी निघाले. गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि पाय अडखळले. मागे वळले. ते दारात उभे होते, पाठीशी रंभाताई. मला एकदम वाटलं, आपण एवढं तरी करावं. आणि नऊ वर्षं रोज सकाळी ते आमची नावं घ्यायचे तसं, अख्खं, सावकाश, मी त्यांचं नाव घेतलं.

"चांगदेव शेजवळ."

गल्ली शांत होती. त्यांना ऐकू गेलं, कारण रंभाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मी थांबले. वर्गात जेवढं थांबायचो त्याच्या दुप्पट थांबले. त्यांनी लांबूनच हात जोडले, सगळं अंग वळवलं, आणि आत गेले.

ओ आली नाही तर हातातलं टाकून आधी उतरायचं, हे मला पाठ होतं. मी रिक्षाला हात केला.